तिसऱ्या खोक्याबद्दल, कुमुदताई

कुमुदताई, परवा इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. मी बोलायला उभी राहिले आणि तुमचा बायोडेटा वाचून खाली बसले. नागपूर, मग मिनेसोटा, जुन्या चिनी भाषेचं संशोधन, कितीतरी वर्षं शिकवणं, निवृत्ती, एक मुलगी. लोकांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेत कुणीतरी शेजारच्याला म्हणालं, "पण यार, नागपूरची बाई चायनीजच्या मागे कशी काय लागली?" तुम्ही असतात तर मागे वळून त्याला पाऊण तास उत्तर दिलं असतंत आणि समोसे गार झाले असते. मी दोन मिनिटांत जे सांगितलं ते तिथला कुणीही सांगू शकला असता. जे फक्त मलाच सांगायचं होतं ते काही तोंडातून निघालं नाही. ते इथे लिहिते आहे. आज तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले.

आपली ओळखही त्याच हॉलमधली. संक्रांतीचा कार्यक्रम होता, बाहेर उणे वीस, आणि आत आपण दोघी जेवणाच्या रांगेत पुढेमागे. मी दुसऱ्या राज्यातली, शॉमबर्गची नोकरी सोडून नुकतीच इथे मिनेसोटात, ईडन प्रेरीला आले होते आणि कुणालाच ओळखत नव्हते. तुम्ही वळून विचारलंत, काय करतेस. मी म्हटलं, "इन्शुरन्स कंपनीत डेटा क्लीन करते."

"म्हणजे काय करतेस?"

"लोक फॉर्ममध्ये वाट्टेल ते भरतात, ताई. ते सगळं ठरलेल्या रकान्यांत बसवायचं."

"आणि नाही बसलं तर?"

"बसवते," मी हसून म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं काही मी मांजरांच्या शेपट्या कापते म्हणून सांगितलंय. मग स्वतःच्या ताटात दोन गूळपोळ्या घेतल्यात आणि म्हणालात, "शनिवारी काय करून राहिली?"

मी सांगलीची. ते 'करून राहिली' ऐकून मला हसू आवरेना. तुम्ही रागावला नाहीत, पण हातातलं ताट टेबलावर ठेवून मला बाजूला घेतलंत. "हसू नको. राहणं म्हणजे काय? घरात राहणं. आता आमच्याकडे बघ. जेवून राहिलो, लिहून राहिलो. यात कोण कुठे राहतंय? राहणं गेलं निघून, काम चालू असल्याची नुसती खूण उरली. चिनी भाषेत एक 'त्झाय' आहे, कुठेतरी असणं एवढाच त्याचा अर्थ. तोसुद्धा आता हेच काम करतो. तुमच्या सांगलीला पोचेल कधीतरी." मागे रांग खोळंबली होती. मी पत्ता लिहून घेतला, तो मुख्यतः सुटका करून घ्यायला.

तरी पुढच्या शनिवारी मी आले. का आले ते मला अजून नीट सांगता येत नाही. या गावात मला 'काय करून राहिली' असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं, हे एक कारण असावं.

तुमच्या जेवणाच्या टेबलावर बुटांचे तीन खोके होते आणि त्यांत पोस्टकार्डाएवढी कार्डं उभी लावलेली. एकेका कार्डावर जुन्या पुस्तकातलं एकेक वाक्य, तुमच्या बारीक अक्षरात, खाली पुस्तकाचं नाव आणि काळ. तुम्ही म्हणालात, "मी रिकामे शब्द गोळा करते." मला वाटलं ही तुमची काहीतरी गंमत. नंतर कळलं की ते नाव चिनी पंडितांचंच. घोडा, डोंगर, धरणं, मारणं हे भरलेले शब्द. आणि ज्यांना स्वतःचा असा अर्थ नाही, जे इतरांना नुसते एकत्र बांधून ठेवतात, ते रिकामे. पण जन्मतःच रिकामा असा शब्द सहसा सापडत नाही, असं तुम्ही सांगायचात. तो एके काळी भरलेला असतो. माणसं त्याला शतकानुशतकं वापरतात आणि त्याच्यातलं काहीबाही सांडत जातं. 'श' म्हणजे पूर्वी 'हे', आता 'आहे'. 'ल्याओ' म्हणजे संपणं, त्याचा नुसता 'ल' उरला आणि तो झाल्याचं सांगत क्रियापदाच्या शेपटीला बसला. 'बेइ' म्हणजे पांघरूण, मग अंगावर घेणं, मग सोसणं, आणि आता आपल्यावर कुणीतरी काहीतरी केलं हे सांगण्यापुरता.

तुमचा सगळ्यांत लाडका 'बा'. बा म्हणजे हातात धरणं. दीड हजार वर्षांपूर्वी तो खराखुरा धरायचा. मग अशी वाक्यं यायला लागली की अमक्यानं तलवार धरून पाहिली, तमक्यानं पुस्तक धरून वाचलं. हळूहळू पाहणं आणि वाचणं एवढंच महत्त्वाचं राहिलं आणि धरणारा हात पातळ होत गेला. आज चिनी माणूस दार लावतो तेव्हाही वाक्यात बा येतो, पण दार काही कुणी हातात घेत नाही. कशावर काय केलं, एवढंच तो सांगतो. हा हात नेमका केव्हा सुटला, हे तुम्ही पंचवीस वर्षं शोधत होतात. मी विचारलं, याचा उपयोग काय. तुम्ही म्हणालात, काही नाही, आणि माझ्यापुढे चहाचा कप सरकवलात.

खोके तीन का, हेही त्याच दिवशी कळलं. एक भरलेल्यांचा. एक रिकाम्यांचा. आणि तिसऱ्यावर तुम्ही मराठीत लिहिलं होतंत: ठरत नाही. तुमची एक रीत होती. प्रत्येक वाक्य तीनदा वाचायचं, तीन वेगवेगळ्या दिवशी. प्रत्येक वेळी आपलं मत पेन्सिलीनं मागच्या बाजूला लिहायचं आणि त्यावर कागदाची पट्टी लावायची, म्हणजे पुढच्या वेळी आधीचं मत दिसू नये. तिसऱ्या वाचनानंतर पट्ट्या काढायच्या. तिन्ही मतं जुळली तर पहिला किंवा दुसरा खोका. एक जरी वेगळं निघालं तरी तिसरा.

"पण तिसऱ्यात किती कार्डं आहेत, ताई! जवळजवळ इतर दोघांएवढीच."

"मग? तिथेच तर सगळं घडलंय."

मी माझ्या सवयीनं म्हटलं, जरा प्रयत्न केला तर त्यातली अर्धी तरी कुठेतरी बसतील. तेव्हा तुम्ही चष्मा काढलात. तुमचं ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, कारण पुढे तुम्ही ते मला निदान वीस वेळा ऐकवलंत. "शैले, आपल्याला शेवट माहीत आहे, हीच आपली अडचण आहे. पुढे त्या शब्दाचं काय झालं ते आपण ऐकलेलं असतं, म्हणून तो आधीपासूनच तसा दिसायला लागतो. लिहिणाऱ्याला काय माहीत होतं? त्याच्या हातात खरोखर तलवार असेल."

आठ वर्षं मी शनिवारी येत राहिले. मला चिनी येतं असं मी आजही म्हणणार नाही. चारेकशे अक्षरं ओळखते आणि बा कुठेही लपला तरी हुडकून काढते. सुरुवातीला मी फक्त कार्डं कम्प्युटरवर चढवत होते. मग तुम्ही मला वाचायला बसवलंत, अर्थ तोंडी सांगून, आणि माझं मतही वेगळ्या पट्टीखाली लिहून घ्यायला लागलात. तुमच्या स्वयंपाकाबद्दल मात्र मी गप्प राहणार नाही. तुम्ही पोह्यांत फ्रोझन मटार, उपम्यात फ्रोझन मटार आणि एकदा साबुदाण्याच्या खिचडीतसुद्धा फ्रोझन मटार घातलेत. उपासाला मटार चालत नाहीत म्हटल्यावर म्हणालात, "कोणत्या शतकापासून?" बर्फात तुम्ही गाडी चालवायला घाबरायचात, म्हणून हिवाळ्यात तुमची किराण्याची आणि डॉक्टरांची ड्यूटी माझी. गाडीत तुम्ही हायवेचे बोर्ड मोठ्यानं वाचायचात आणि मी वैतागायचे. आज सकाळी ऑफिसला जाताना पहिला एक्झिट मीच मोठ्यानं वाचला.

आपली भांडणं एकाच गोष्टीवरून झाली. तुम्हाला वाटायचं मला घाई आहे, मला वाटायचं तुम्हाला शेवटच करायचा नाही. मी म्हणायचे, "पंचवीस वर्षं झाली, ताई. काहीतरी पब्लिश करा. लोक मशीनला हजारो पुस्तकं वाचायला लावून मोकळे होतायत." तुम्ही म्हणायचात, मशीनला कोणीतरी आधी दोनच रकाने दिलेले असतात. शेवटी गेल्या वर्षी तुम्ही ऐकलंत. लेख लिहिलात, बा वरचा, आणि माझ्याशी न बोलता त्यावर माझं नाव घातलंत. मी नको म्हटलं तर, "तू वाचलंयस. वाचणाऱ्याचं नाव येतं." पगाराच्या चिठ्ठीखेरीज माझं नाव कुठे छापून आलेलं नव्हतं. मी ते पान सांगलीला भावाला पाठवलं, लेख अजून प्रेसमध्ये गेलेलाही नव्हता तेव्हा.

संपादकांचं पत्र आलं मार्चमध्ये. लेख चांगला आहे, पण परीक्षकांचं म्हणणं असं की 'ठरत नाही' या गटात एवढी वाक्यं ठेवली तर आलेखातून काहीच दिसत नाही. तीन आठवड्यांत विचार करून कळवा. आलेख खरोखरच बघवत नव्हता. मधली दोन-अडीचशे वर्षं म्हणजे नुसता करडा पट्टा, सांडलेल्या पिठासारखा. तुम्ही म्हणालात, "मग तेच दिसतंय की. घडलंय तसंच आहे ते." मी उत्तर लिहायला बसणार होते, तुमच्या बाजूनं. त्याच आठवड्यात तुमचे रिपोर्ट आले.

ऑपरेशनच्या दिवशी मी हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये लॅपटॉप घेऊन बसले होते. तुमची लेक इरा टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून यायला निघाली होती, तिचं विमान उशिरानं होतं. मुदतीचे चार दिवस उरले होते. मला वाटलं, तुम्ही शुद्धीवर याल तेव्हा हातात काहीतरी चांगली बातमी असावी. हे खरं आहे. आणि हेही खरं आहे, की माझं नाव असलेला लेख परत येऊ नये असं मला वाटत होतं. दोन्ही किती किती होतं ते मला वेगळं काढता येत नाही.

मी तिसऱ्या खोक्यातली सगळी वाक्यं, म्हणजे कम्प्युटरवरची, दोन रकान्यांत बसवली. आठ वर्षांपूर्वी तुम्हाला सांगितलं होतं ना, बसवते. एकही वाक्य पुन्हा वाचलं नाही. काळ बघितला. एका ठरावीक शतकाच्या आधीचं ते भरलेल्यात, नंतरचं ते रिकाम्यात. वीस मिनिटांचं काम होतं. मग आलेख काढला, तर काय सुंदर रेघ आली! खालून सपाट येते, नेमक्या त्या शतकाशी उभी चढते आणि वर जाऊन सपाट होते. बा चा हात कधी सुटला ते अगदी शाळकरी पोरालाही दिसावं. दिसणारच होतं, कारण ते शतक मीच ठरवलं होतं. मागच्या पानावरचं उत्तर बघून आपण गणित सोडवायचो ना, तसं. आणि खाली लिहिलं, 'संदिग्ध उदाहरणांचे पुनर्वाचन करून वर्गीकरण केले आहे.' पुनर्वाचन! हा शब्द टाइप करताना माझा हात थांबला होता, एवढं मी तुमच्यासमोर कबूल करते. थांबला आणि पुढे गेला.

लेख लगेच स्वीकारला गेला. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमच्या नाकात नळी होती आणि तुम्ही माझा हात दाबलात.

मग मे महिना. तुम्ही घरी आला होतात, रिक्लायनरमध्ये, दोन पांघरुणं घेऊन. 'बेइ' असं पांघरुणाकडे बोट दाखवून म्हणायचात आणि मग डोक्यावरून केस गेले होते तिथे हात फिरवून पुन्हा 'बेइ' म्हणायचात, सोसण्याचा. इराला त्यातला विनोद कळायचा नाही, मला कळायचा आणि हसवायचा नाही. छपाईआधीची पानं आली होती. मी ती तुम्हाला दाखवणार नव्हते, इरानं दाखवली. मी स्वयंपाकघरातून आले तर पानं तुमच्या मांडीवर आणि तुमचं बोट त्या रेघेवर, अगदी जिथे ती उभी चढते तिथे.

"फारच गुळगुळीत आलीये गं," तुम्ही म्हणालात.

"नवीन सॉफ्टवेअर आहे, ताई. ते स्मूद करतं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. किती वेळ ते मला माहीत नाही. मग म्हणालात, "चहा टाक." मी चहा टाकला. त्यानंतर त्या लेखाबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, आणि मी तर नाहीच नाही.

त्या बघण्याचं मी काय करू? तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही मला माफ केलंत, असं मी दिवसातून एकदा वाचते. तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही माझ्याबद्दलची आशा सोडलीत, असं दुसऱ्यांदा. आणि औषधांनी तुम्ही दमला होतात, तुम्हाला खरंच फक्त चहा हवा होता, असं तिसऱ्यांदा. इराला विचारलं. ती म्हणाली की जुलैमध्ये तुम्ही एकदा तिसरा खोका बेडवर मागवला होता. उघडला की नाही, तिला माहीत नाही. दुपारी तिनं तो परत जागेवर ठेवला. तीन वाचनं, तीन मतं, ताई, आणि ती काही जुळत नाहीत.

बाकीच्या आठवणींचंही मी हेच करून ठेवलंय. फेब्रुवारीत तुम्ही जिन्यात मध्येच थांबला होतात. दिवाळीत अर्धी भाकरी ताटात ठेवली होतीत. त्याआधीच्या उन्हाळ्यात, तळ्याभोवती फिरताना, बाकावर बसून म्हणाला होतात की आज नको, इथूनच वळू. हे सगळं मी आता ओळीनं लावते आणि मला ते सगळं आजार म्हणूनच दिसतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं म्हणून मी कपाळ बडवते. तुम्ही असतात तर ओरडला असतात. त्या दिवशी त्या बाकावर आपण दोघी काय बोललो होतो? तुम्ही वळायचं म्हणालात कारण तुम्हाला घरी जाऊन क्रिकेटची मॅच बघायची होती. आपण ती बघितली. भारत हरला आणि तुम्ही पंचांना चिनीतून शिव्या दिल्यात. तो दिवस चांगला गेला होता. तो आजारात जमा करायचा मला काही अधिकार नाही.

आता शोकसभेचं सांगते, मी का बसले ते. इरानं तुमच्या फोटोला हार घातला होता आणि शेजारी स्टँडवर, मोठा करून, फ्रेममध्ये, छापून आलेला तो आलेख ठेवला होता. "आईचं लास्ट वर्क," ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. लोक त्या रेघेकडे बघून म्हणत होते, वा, किती क्लिअर आहे. मी माइकसमोर उभी राहिले तेव्हा तो बरोबर माझ्या उजव्या हाताला होता.

तरी दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. इरा तुमचं कपाट आवरत होती. मी तिला सगळं सांगितलं, वेटिंग रूमपासून चहापर्यंत. ती वकील आहे, मधे बोलली नाही. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "सो द ग्राफ इज फेक?"

"वाक्यं खरी आहेत. मधली विभागणी खोटी आहे."

"आणि आईला माहीत नव्हतं."

"माहीत नाही मला."

"यू हॅड द होल समर, मावशी." ती ओरडली नाही. तुमचा निळा स्वेटर तिच्या हातात होता, त्याची घडी तिनं घातली, मोडली, पुन्हा घातली. "शी वॉज राइट देअर. रोज. तू येत होतीस रोज. सूप आणायचीस. अँड नाऊ यू टेल मी?"

मी हो म्हटलं.

मग ती खाली बसली, तुमच्या पलंगावर. म्हणाली, राहू दे ना ते तसंच, कुणाला कळणार आहे, दहा माणसं वाचतात हे, आणि आईचा शेवटचा पेपर आहे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझी नजर चुकवत होती. ताई, तिचं चुकलं असं मला वाटत नाही. तिला तुम्ही कधी शनिवारी टेबलावर बसवलं नाहीत. तिची शनिवारची सॉकर प्रॅक्टिस आणि मग कॉलेज आणि मग टेक्सास. ती एकदा मला म्हणाली होती की आईनं त्या खोक्यांकडे जेवढं बघितलं तेवढं माझ्याकडे नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. आणि तिच्याकडे आता त्या सगळ्या वर्षांचं दाखवण्यासारखं एवढं एकच आहे, ती फ्रेम. ती मी तिच्या हातातून काढून घेत होते.

मी तिला म्हटलं, तू नको म्हणालीस तर मी गप्प बसेन. हे मी खरोखर म्हटलं, तुम्हाला राग आला तरी येवो. तिनं तो निळा स्वेटर मांडीवर ओढला. मग विचारलं, "आईनं काय केलं असतं?"

"मला घराबाहेर काढलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी संपादकांना फोन केला असता."

इरा हसली. तुमच्यासारखीच, नाकातून. "येस. शी वुड." मग उठून तीनही खोके आणून माझ्या हातात दिले. "टेक देम. ठीक कर. पण माझ्याशी थोडे दिवस बोलू नकोस, प्लीज." मी खोके गाडीत ठेवले, सीटबेल्ट लावून. ती दारात उभी होती, तिनं हात केला नाही.

त्याच दिवशी मी संपादकांना लिहिलं. जे केलं ते, केव्हा केलं, कसं केलं, पुनर्वाचन झालेलं नव्हतं हे. शेवटी एक विनंती केली: लेख कुमुदताईंचा आहे, चूक माझी एकटीची आहे, तेव्हा दुरुस्ती छापताना जुना करडा आलेख परत घाला आणि माझं नाव लेखावरून काढून टाका. ते मी शिक्षा म्हणून मागत होते, असं मला वाटत होतं. पाठवल्यावर हलकं वाटलं, आणि तेवढ्यावरूनच मला शंका यायला हवी होती.

तुम्हाला अजून एक सांगायचं राहिलं. मी तुमच्यावर रागावले होते. तुम्ही एवढ्या कडक होतात की तुमच्यासमोर चूक घेऊन यायला माणूस घाबरायचं. वाक्यांना तुम्ही तीन-तीन संधी द्यायचात, माणसांना नेहमी द्यायचात असं नाही. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं, तर कदाचित दुसरंही सांगून झालं असतं. पण तुम्ही मला वाचायला शिकवलंत. चाळिशीतल्या, रकाने भरणाऱ्या बाईला शेजारी बसवून एकेक अक्षर बोटानं दाखवून शिकवलंत, आणि माझं मत तुमच्या मताइतकंच जपून पट्टीखाली ठेवलंत. असं मला कुणी कधी वागवलं नव्हतं. हे दोन्ही खरं आहे आणि मला त्यातलं एकही कमी करता येत नाही.

संपादकांचं उत्तर आज सकाळी आलं. करडा आलेख छापतील, माझ्या खुलाशासकट. इराला मी फक्त तेवढं कळवलं आणि तिनं अंगठा पाठवला. पण माझं नाव काढायला ते तयार नाहीत. त्यांनी सरळ लिहिलंय की मूळ लेखिका आता नाहीत. दुरुस्तीखाली सही करायला आणि उद्या कुणी त्या वाक्यांबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला कुणीतरी हयात लागतं. आणि खाली विचारलंय, आपल्याशिवाय दुसरं कुणी आहे का?

मी किचनमध्ये उभी होते. तिथेच ओट्याला धरून रडले, अगदी मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. मग तोंड धुतलं आणि त्यांना लिहिलं की नाही, दुसरं कुणी नाही, मीच आहे.